खेजडीवरचं घरटं

जोडबीडला फोटोवाले यायचे ते सकाळी. उन्हं कोवळी असतात, गरुडांच्या पिसांवर सोनेरी झाक येते, आणि ऊन जरा चढलं की सगळे जीपमध्ये बसून बिकानेरला कचोरी खायला परत. आमचा खींवराज सुथार मात्र तेव्हा घरून निघायचा. स्टुडिओ आमचा दोघांचा. लग्नाचे फोटो तो काढायचा, अल्बम मी, म्हणजे अय्यूब उस्ता, रंगवून, सजवून द्यायचो. आणि जोडबीडला जायचं तर मोटारसायकलही माझीच.

"खींवा, सगळं जग सकाळी फोटो काढतं. तुलाच भरदुपारी काय सुचतं?"

"सकाळच्या उजेडात गाढवही देखणं दिसतं, उस्ता."

"म्हणूनच तू सकाळी आरसा बघतोस होय!"

त्याचं म्हणणं एवढंच, की दुपारी पांढरी वाळू खालून उजेड फेकते. गरुड डोक्यावरून गेला की त्याच्या पंखाखालचं एकूण एक पीस मोजून घ्यावं असं दिसतं. फोटोत आकाश जळून कोरं पडतं, ते पडू दे. आकाशाचा फोटो कोणाला हवाय? संध्याकाळी त्याचे डोळे मात्र लालभडक व्हायचे, आणि तो गुलाबपाण्याचे बोळे ठेवून दुकानातच आडवा पडायचा.

जोडबीडच्या, मेलेली ढोरं टाकायच्या मैदानावर हिवाळ्यात लांबलांबून गरुड येतात. खींवाचा जीव मात्र मैदानापलीकडच्या एका जोडीवर होता. पिंगट, इथलीच, बारमाही राहणारी जोडी. काटेरी खेजडीच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर त्यांचं घरटं, वर नुसतं आभाळ. त्या वर्षी त्यात एकच पिल्लू होतं, कापसाच्या बोंडासारखं. ऊन तापलं की मादी काठावर उभी राहून पंख अर्धे उघडायची आणि पिल्लू तिच्या सावलीत बसायचं. खींवा समोरच्या वाळूच्या टिब्यावर उंटाच्या केसांचं कांबळं अंगावर घेऊन तासन्‌तास पडून राहायचा. त्याने काढलेला तो सावलीचा फोटो मी पाहिला. ऊन पंखांतून गाळून पिल्लावर पडलं होतं, पिवळसर. मी पंचवीस वर्षं रंगात हात घातलेत, तसा पिवळा मला कधी साधला नाही.

गवरा, त्याची बायको, तेव्हा जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. बाळंतपणानंतर ताप आला तो उतरलाच नाही. मुलगी केसर नोख्याला आजीकडे वाढत होती. खींवा महिन्यातून एकदा जायचा, पण पिशव्या भरभरून घेऊन. झबली, बाहुल्या, दुधाचे डबे, चांदीचे वाळे. त्याच्या सासूबाई, जेठीबाई, तोंडाने फटकळ.

"जंवाईसा, पोरीला आता दुकान काढून देता की काय?"

तो हसायचा, चहा प्यायचा आणि उठायचा. पोरीला एकदा मांडीवर घे म्हटलं तर म्हणायचा, "रडते रे ती."

शिवरात्र झाली. त्याच सुमारास मैदानाच्या कडेने विजेची नवी लाईन सुरू झाली होती. एका दुपारी आम्ही पोचलो तर खांबाखाली मादी पडलेली. एक पंख जळून काळा, आणि वास असा की मी नाकाला रुमाल लावला. खींवा तिच्याजवळ वाकलाही नाही. तो आधी घरट्याकडे बघत राहिला.

नर आला. पंजात सांडा होता, वाळूतला तो जाडा सरडा. त्याने तो घरट्यात ठेवला. पिल्लाने चोच उघडली. नराने मान वाकडी करून त्या उघड्या चोचीकडे पाहिलं, थोडा वेळ थांबला आणि उडून गेला. तासाभराने दुसरा सांडा घेऊन आला. पुन्हा तेच.

"हा भरवत का नाही?" मी विचारलं.

खींवाचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता. "त्याला येत नाही, उस्ता. आणून टाकायचं एवढंच त्याचं काम. फाडून भरवायची ती."

दुसऱ्या दिवशी घरटं शिकारीने भरलं होतं. सांडे, उंदीर, एक तितर. पिल्लू त्या ढिगाशेजारी मान टाकून बसलेलं, डोक्यावर ऊन. वनरक्षक बगडाराम आला होता.

"हात लावू नका हां, खींवजी. कायद्याचं काम आहे. मी वर कळवलंय."

"वरचे कधी येणार?"

"डॉक्टर जोधपूरहून यायचाय."

"म्हणजे कधी, बगडा?"

"मला काय विचारता? मी काय त्याला खांद्यावर घेऊन येऊ?" बगडाराम चिडला, मग त्याची नजर घरट्याकडे गेली. काठी उचलून म्हणाला, "मी पलीकडच्या टाक्यावर पाणी प्यायला चाललोय. मला काही दिसलेलं नाही."

खींवाने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि खेजडीवर चढला. काट्यांनी हात सोलून निघाले. तो शेंड्याशी पोचतो न पोचतो तोच नर वरून आला. मी ओरडलो, पण उशीर झाला. पागोटं उडालं, डोक्याची कातडी फाटली. खींवाने एका हाताने फांदी धरली, दुसऱ्या हाताने नि दातांनी उंदीर फाडला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे पिल्लाच्या चोचीपुढे धरले. पहिला तुकडा पडला, दुसराही पडला. मग पिल्लाने गिळला. नर घिरट्या घालत ओरडत होता. फांदीत अडकलेलं पागोटं सोडवून खींवाने ते दोन डहाळ्यांना बांधलं, पिल्लावर सावली पडेल असं, आणि खाली उतरला. एक डोळा रक्ताने मिटला होता आणि तो हसत होता.

"खाल्लं, उस्ता! माझ्या हातून खाल्लं!"

गवरा गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टर विचारत होता, "कुत्रं चावलं का?" आणि हा आपला हसतच होता.

रात्रभर वारा सुटला होता. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पागोटं खालच्या फांदीला लोंबत होतं. खींवाने दुर्बीण लावली, मग माझ्याकडे दिली. पिल्लू पालथं पडलं होतं, मान एका बाजूला. आम्ही तिथेच थांबलो. दुपारी नर आला. नवा सांडा आणला होता. तो त्याने ढिगावर ठेवला, नीट, जागा करून, आणि काठावर उभा राहिला. पंख मिटलेलेच. ऊन सरळ डोक्यावर होतं, कुठेच सावली नव्हती. खींवाने कॅमेरा उचलला आणि एकच फोटो काढला.

"आता कशाला काढतोस?" माझ्याने राहवलं नाही.

"नाहीतर उद्या म्हणतील, इथे काही नव्हतंच." त्याने कॅमेरा पिशवीत घातला. "नोख्याला चल."

"आत्ता? या अवताराने?"

"चल तू."

डोक्याचं बँडेज बघून केसरने किंकाळी फोडली आणि आजीच्या मागे दडली. जेठीबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज मोकळ्या हाताने?"

"माजीसा, ती काय खाते?"

"काय खाणार? तुमचे डबे तर फडताळात पडलेत. बाजरीचा खीच खाते. तूप घालून, मऊ करून, बोटांनी भरवावा लागतो."

"मला दाखवा."

त्या आधी हसल्या. मग वाटी घेऊन आल्या. खींवा जमिनीवर मांडी घालून बसला आणि घास पुढे केला. केसरने तोंड फिरवलं.

"केवढा हात तो! चिमणीएवढा घास करा, जंवाईसा. तिला गाय समजलात काय?"

त्याने घास लहान केला. तिने तोंडात घेतला आणि त्याच्या सदऱ्यावर थुंकला. त्याने पुसलं, पुन्हा केला. पुन्हा थुंकला. वाटी गार झाली तरी तो घास करतच होता. जेठीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "गवराही अशीच छळायची जेवताना."

तेव्हा खींवा रडला. दहनाच्या दिवशी रडला नव्हता. खरकटा हात तसाच धरून, पोरीसमोर, मोठ्याने. केसर ते बघून घाबरली आणि तीही रडू लागली.

तो बिकानेरला परत आलाच नाही. नोख्यालाच सासरच्या गल्लीत त्याने खोली घेतली, ओळखपत्रांचे फोटो काढू लागला. आमचा स्टुडिओ मी एकटाच चालवतो. त्याचा तो शेवटचा फोटो बगडारामने मोठा करून जिथे जिथे नेता आला तिथे नेला. त्या लाईनच्या तारांना आता पक्षी जळू नयेत म्हणून टोपणं बसलीत. पुढे आणखी लाईनी झाल्या, त्यांना नाहीत. नर चैत्रापर्यंत दिसायचा, पुढे दिसला नाही.

केसर आजीचीच राहिली. आजी म्हणते म्हणून तीही बापाला "जंवाईसा" म्हणायची. गल्ली हसायची, खींवाही हसायचा. रोज दोन्ही वेळा तो तिथे जाऊन बसायचा, ती कधी त्याच्या हातून खायची, बहुतेक वेळा नाही.

गेल्या श्रावणात जेठीबाई गेल्या. मी पोचलो तेव्हा केसर दोन दिवस उपाशी होती. पाच वर्षांची झाली आहे, तोंडावळा थेट गवराचा. खींवाने खीच केला होता, आजी करायची तसाच. त्याने घास केला, अगदी चिमणीएवढा.

"मला आजीच्या हातचा हवा."

"आजी नाही ना बाळा आता."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या हातातली वाटी ओढून घेतली, कोपऱ्यात गेली, आमच्याकडे पाठ केली आणि आपल्या हाताने जेवली. खींवा बोटांवरचा तो घास तसाच धरून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.