डावा पाय आधी

गणपतीच्या मिरवणुकीसाठी कॉलनीतल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना लेझीम शिकवायचं काम मी स्वतः हात वर करून मागून घेतलं. नववीत गेल्यापासून मला सगळंच जमेल असं वाटायला लागलंय ना! पण मानक नगरच्या मैदानावर ती पोरं समोर उभी राहिली आणि सुरुवात कुठून करायची तेच आठवेना. आज ती टिकली नाहीत, तर मंडळाच्या लतिकाकाकू लेझीम रद्द करून बँड बोलावणार होत्या.

मी शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा आवाज चढवला. "रांगेत उभे राहा! डावा पाय आधी! कोणी हसायचं नाही!"

अर्थात सगळे हसले.

"कल तक हमारे साथ पिट्ठू खेल रही थी, आज मॅडम बन गई!" अद्वैत म्हणाला.

घाईघाईत मी "एक" म्हटलं आणि नेमका उजवा पाय टाकला.

"दीदी, गलत!" छोटी हिमानी ओरडली.

मला रडूच येणार होतं. पण मी रागावले असते, तर पोरं सरळ घरी गेली असती.

"बरोबर पकडलंस," मी म्हटलं. "आता आकडे तू मोजायचे. माझी पुढची चूक जो पकडेल, त्याच्याकडे मोजणी!"

सगळ्यांचे डोळे माझ्या पायांवर खिळले, अद्वैतचे तर सर्वात जास्त.

हिमानीने खणखणीत "एक!" म्हटलं. मी डावा पाय उचलला. माझी चूक शोधता शोधता अद्वैतचाही डावाच पडला.