शेंदूर धुतलेला दगड

आईच्या, गुणाबाईच्या हाती माईक दिला नसता, तर रंजीताचं आयुष्य होतं तसंच चालत राहिलं असतं. पण सत्कार म्हटला की आयोजकांना उत्साह आवरतो कुठं! गडचिरोलीच्या एका कॉलेजचं सभागृह, शाल, श्रीफळ, मागे भलामोठा फलक : 'जिल्ह्याची लेक, ग्रहशास्त्रज्ञ डॉ. रंजीता'. कुणीतरी म्हणालं, मायबाईलेबी दोन शब्द बोलू द्या.

आलापल्लीजवळच्या खेड्यात, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत वाढलेली ही पोरगी उल्कांचा अभ्यास करते. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्याच घरच्या बांधीत आभाळातून नारळाएवढा काळा दगड पडला. त्यातलं शिसं तिनं तपासलं आणि जगाला सांगितलं, की असं शिसं दुसऱ्या कुठल्याच उल्केत नाही. हा आजवर ठाऊक नसलेल्या एका लघुग्रहाचा तुकडा आहे. नोकरी, नाव, देशोदेशीची बोलावणी, सगळं त्या एका लेखानं दिलं. तीनशेच्या वर संशोधकांनी त्याचा आधार घेतला. भद्रावतीची दिव्यानी, तिची विद्यार्थिनी, चार वर्षं त्यावरच प्रबंध लिहीत होती. ती पहिल्याच रांगेत बसली होती.

गुणाबाईनं पदर सावरला. "मी काय बोलू बाप्पा? दगड मलेच सापडला. म्हणलं, आभाळातून देव आला घरी. नऊ दिवस शेंदूर-तेल लावलं, ऊद घातला. मंग समजलं, रंजी येऊन राह्यली. तं राखेनं घासघासून धुतला. पोरगी मोठी खाष्ट हाय जी!"

सभागृह खो खो हसलं. टाळ्या पडल्या. रंजीताला मात्र हसू आलं नाही. शेंदूर म्हणजे शिसंच की हो! तेलात कालवलेला शेंदूर नऊ दिवस दगडाच्या भेगांत मुरला होता, आणि वरून राख घासून तो काय निघतो! सभागृहात आणखी एकच माणूस हसलं नव्हतं, ती दिव्यानी.

बाहेर गाडीपाशी दिव्यानी हळूच म्हणाली, "मॅडम, मी काही ऐकलं नाई." तिचे डोळे भरले होते. रंजीताला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिथून पळून जावंसंही वाटलं. गप्प बसणं किती सोपं होतं! कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

घरी पोचताच ओसरीवर तिचा बांध फुटला. "माय, तवा मी तुले विचारलं होतं ना? तू नाई म्हणलीस!"

"कसं विचारलंस, ते आठवते का तुले?" गुणाबाई म्हणाली. "सारं गाव जमलं होतं. तू म्हणलीस, 'अडाण्यावानी शेंदूरबिंदूर तं नाई फासलास ना?' त्याच्यावर हो कशी म्हणू? मले लाज वाटली, बाई."

रंजीताला आठवलं. शब्द आठवले, आणि आपला तो आवाजही. तपासायला म्हणून बांधीतली माती तिनं किती जपून डबीत भरली होती! आईशी बोलायला मात्र तिच्यापाशी तेवढा धीर नव्हता.

मग तिनं सगळं सांगितलं. दगडाचं, शिशाचं, दिव्यानीच्या चार वर्षांचं. गुणाबाईला लिहिता येत नसलं तरी ती काही अडाणी नव्हती, अर्ध्यातच समजली.

"म्हंजे माह्या हातानं तुह्यं वाटोळं झालं?"

रंजीतानं नाही म्हणायला हवं होतं, पण तिनं नजर वळवली.

"मंग लिव त्याहिले," गुणाबाई म्हणाली, "गुणाबाई खोटं बोलली म्हून. मी अंगठा देतो. तुह्यावर नको येऊ देऊ काही."

नोकरीच्या गावी परत जाताना रंजीतानं आलापल्लीच्या बाजारातून शेंदराची पुडी घेतली. गावात वर्षानुवर्षं शेंदूर तिथूनच यायचा. प्रयोगशाळेत दगडाचा उरलेला तुकडा आणि ती पुडी तिनं शेजारी शेजारी तपासली. दोन्हींतलं शिसं एकच निघालं. तिचा लघुग्रह कुठंच नव्हता. दार लावून ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. दिव्यानीला नवा विषय दिला. चार वर्षं काही तिला परत देता आली नाहीत.

पत्रात तिनं एक वाक्य घातलं होतं : 'दगड सांभाळणाऱ्या बाईला मी अशा आवाजात विचारलं, की तिला खरं सांगता आलं नाही, चूक माझी आहे.' संपादकानं ते वाक्य काढून टाकलं. विज्ञानाशी त्याचा संबंध नाही, असं त्यानं कळवलं. छापून आलं ते एवढंच, की नमुना हाताळताना दूषित झाला होता.

दिवाळीला ती घरी गेली. हट्टानं आईच्या कुशीत शिरली, माफी मागितली. गुणाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, जाऊ दे बाई, झालं ते झालं. पण सकाळी रंजीताची बॅग वाटेत पडली होती, ती उचलायला गुणाबाई वाकली आणि तशीच थांबली.

"रंजी," तिनं आतल्या खोलीकडं पाहून विचारलं, "हात लावू का याले?"