निळ्याची पारख

गिरणीत माल तपासणाऱ्या भिंगबाई एकदा नाही म्हणाल्या की ते कापड बोटीवर चढायचं नाही, मग मालक का आडवा येईना. परदेशी जाणारा प्रत्येक तागा त्यांच्या उजेडाच्या मेजावरून सरकायचा. सख्खा थोरला भाऊ त्याच गिरणीत रंगारी. पण त्याला सूट? छे! उलट थोडा जास्तच जाच. "असली बहीण असल्यावर वैरी कशाला हवा?" म्हणून लोक हसायचे, दादाही हसायचा.

परदेशातलं गिऱ्हाईक हव्या त्या रंगाचा नमुना पाठवायचं, वीतभर कापड. नमुना अंधाऱ्या खणात ठेवायचा, हा नियम बाईंनीच नव्या मुलींना शिकवलेला. पण ऐन हंगामात दहादा खण कोण उघडणार? निळा नमुना त्यांनी खिडकीजवळच्या फळीवर चपट्या टोपीच्या पिनेने टोचून ठेवला. दोन महिने तो तिथेच ऊन खात राहिला. स्वतःचा नियम स्वतःच मोडला, आणि तो मोडलाय हे बाईंच्या गावीही नव्हतं.

मोठ्या ऑर्डरीचा माल रंगून आला. बाईंनी तो नमुन्याला लावून पाहिला.

"दादा, गडद झालाय."

"अगं, बरोबर आहे. तीस वर्षं हा निळा करतोय मी."

"मग तीस वर्षांत डोळे गेले तुझे!"

सगळ्या खात्यादेखत म्हणाल्या हो! दादाचा चेहरा पडला. त्याने मुकाट्याने रंग उतरवला आणि सगळा माल पुन्हा फिका रंगवला.

माल गेला तसा परत आला. सोबत गिऱ्हाइकाने आपल्याकडे राखलेला त्याच नमुन्याचा तुकडा जोडला होता, चांगला गडद. बाईंनी फळीवरची पिन उपसली. पिनेच्या टोपीखाली दडलेला गोल तसाच गडद होता, बाकी नमुना उन्हाने विटलेला.

"चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं. बाई गप्प. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे बोट दाखवणंच की! दादाला घरी बसवलं. गिऱ्हाइकाने दुसऱ्या देशातली गिरणी धरली, पाठोपाठ इथले चाळीस माग थांबले.

सहा वर्षं बाई भावाकडे जात राहिल्या. वहिनीने चहा पुढे केला की शब्द ओठांवर यायचा आणि चहाबरोबर घशाखाली जायचा. गेल्या आठवड्यात त्या निवृत्त झाल्या, तेव्हा कुठे धीर आला. नोकरी होती तोवर जीभ उचलली नाही, याची लाज वेगळीच.

दादा ओट्यावर मटार सोलत होता. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "चार शिव्या घाल, दादा, पण बोल काहीतरी."

दादाचे हात थांबले. "म्हणजे माझा निळा बरोबर होता?"

"अगदी बरोबर होता रे."

त्याने हातातली शेंग बाजूला ठेवली. "मी घरी बसल्यावर पलीकडच्या गिरणीने दोनदा माणूस पाठवला होता मला न्यायला. मीच नाही म्हणालो. तुझी वहिनी महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी."

"का रे गेला नाहीस?"

"का म्हणजे? लोकांचा माल उगाच कशाला नासवायचा? डोळे गेलेत म्हणून तूच सांगितलं होतंस ना. दुसरं कुणी म्हणालं असतं, तर मी मानलं नसतं."