हाकणाऱ्याचं नाव

एरंडेल. शालूने त्यासाठी अमरावतीतली तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, "एवढं एरंडेल? कोनाचं पोट बिघडलं, बाई?"

"गाडीचं," शालू म्हणाली.

*

शंकरपटात बैल सरळ धावतात. वळण नसतं. जोडी सुटली की भोंग्यावर मालकाचं नाव येतं, मग बैलांची. हिऱ्या आणि तुऱ्या. शंभू आणि सरदार. जोडी हाकतो त्याला धुरकरी म्हणतात. तेवढंच म्हणतात.

*

अकोल्याजवळची धावपट्टी लढाईच्या काळात बांधली. विमानं क्वचित उतरतात. एरवी हिवाळ्यात मेंढ्या येऊन बसतात, कारण डांबर ऊब धरून ठेवतं.

*

गुलाल पेट्रोलमध्ये विरघळत नाही.

*

स्पार्क प्लग खोलून बघावा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा असेल तर कमी. भाजलेल्या विटेचा रंग आला की हात धुवायला हरकत नाही.

*

हे सगळं एकाच गाडीपाशी येतं. साल १९६१. गाडी म्हणजे मोटरसायकल, बीएसए, पाचशे सीसीची, फौजेच्या लिलावातली. मालक खुशालराव, दर्यापूरचे मोठे कास्तकार, पटाचे शौकीन. गाडी जुळवणारा आणि चालवणारा देवमन तायडे, अमरावतीला तारखात्यात लाइनमन. शालू त्याची बायको.

अकोल्याच्या मोटरक्लबाने धावपट्टीवर शर्यत ठेवली होती. खुशालरावांना पटात उतरायचं तसं यात उतरायचं होतं.

"सरय पयाली पायजे," खुशालराव म्हणाले. कापसाच्या गोदामात गाडीचे तुकडे पोत्यावर मांडले होते.

"सरय बैल पयतात, पाटील. इथं पट्टीच्या दोन टोकाले दोन ड्रम ठेवनार. ड्रमाले वळसा घालून वापस याचं. जो ब्रेक उशिरा दाबन अन् गाडी लवकर उचलन, त्याची शर्यत."

"मंग तुले जसं समजते तसं कर."

"करतो. पन एक अट हाय."

"बोल."

"माया बापानं तुमच्या वडलाची जोडी हाकली. जोडी जिंकली का तुमच्या वडलाचं नाव झालं. बैलाचं बी झालं. बापाचं कोनी घेतलं नाही. मी बसनार तं भोंग्यावर मायं नाव आलं पायजे."

"घेऊ ना," खुशालराव म्हणाले. चहाला हो म्हणावं तसं.

*

काढलं: मडगार्ड, दिवा, मागची सीट, हवेची जाळी. जाळी काढली की इंजिन मोकळा श्वास घेतं. कार्बुरेटरच्या तोंडाला शालूच्या स्वयंपाकघरातलं पितळी नरसाळं बसवलं.

बदललं: पुढचं चेनचक्र, एक दाता कमी. सरळ पट्ट्यात गाडी थोडी मार खाईल, वळणातून मात्र उसळून बाहेर येईल. हँडल उलटं करून खाली घेतलं. पाय ठेवायच्या दांड्या मागे सरकवल्या. ब्रेकचा पायटा त्याबरोबर मागे गेला आणि आता तो टाचेने दाबावा लागत होता. हे देवमनच्या पायाला कळत होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

भरलं: इंजिनात, नेहमीच्या तेलाच्या जागी, एरंडेल. गरम झालं तरी पातळ होत नाही.

सांगितलं, दर रविवारी, एकदा: "पाटील, नाव."

"हो रे बाप्पा."

*

शर्यतीचा दिवस. भर दुपार. दर्यापूरचे लोक पटाला यावं तसे आले होते, दुपट्टे बांधून. क्लबाचे सेक्रेटरी केशवराव वकील हातात निशाण घेऊन फिरत होते. भोंगा शालिकरामचा होता. पटात पुकारा करणारा तोच. केशवरावांनी भोंग्यासोबत त्यालाही आणला होता.

गाड्या रेषेवर लागल्या. देवमनने किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, दणका एकसारखा, नरसाळं हवा ओढत होतं. आणि खुशालरावांनी, जोडी सुटण्याआधी तीस वर्षं जे केलं तेच केलं. दोन मुठी भरून गुलाल उधळला.

नरसाळ्याने तो सगळा ओढून घेतला.

गाडी खोकली. गुलाबी धूर आला. बंद.

"हे काय झालं?" खुशालराव म्हणाले.

"गिळला तिनं तुमचा गुलाल."

"बैलाले काही होत नाही याच्यानं."

"बैलाचं तोंड पुढं असते, पाटील. हिचं बाजूनं हाय."

मागे कोणीतरी हसलं. देवमनने कार्बुरेटर उतरवला, ताटलीत पेट्रोल ओतून धुतला, सायकलच्या पंपाने भोकं फुंकून काढली. ताटली खुशालरावांनी धरली होती. मनगटापर्यंत गुलाबी झाले. केशवरावांनी निशाण खाली घेतलं, बाकीच्या गाड्या थांबवल्या. खुशालरावांची गाडी म्हटल्यावर थांबायला कोणाची ना नव्हती.

गाडी पुन्हा सुरू झाली. शालिकरामने भोंगा तोंडाला लावला.

"आता रेषेवर लागून राहिली दर्यापूरच्या खुशालराव पाटलाची गाडी. फौजेची बीएसए. नाव तिचं वाघीण."

गाडीला नाव कधी नव्हतंच. ते शालिकरामने तिथल्या तिथे ठेवलं.

देवमनने इंजिन बंद केलं. पान्हा घेतला, गरम प्लग फडक्यात धरून खोलला आणि खिशात टाकला. मग गाडी रेषेवर आडवी लावली आणि तिच्यावर बसला.

"काय झालं आता?" केशवराव धावत आले.

"नाव राहिलं."

"घेतलं ना. खुशालरावांचं घेतलं, गाडीचंही घेतलं."

"मायं."

"अहो, हे काय चालवलंय? सगळे थांबलेत."

"मघाशी गुलालापाई थांबले. आता नावापाई थांबा."

खुशालराव जवळ आले. आवाज खाली. "देवमन, लोक पाहून राहिले. शर्यत झाल्यावर घेऊ."

"झाल्यावर बैलाले पेंड देतात. मले आता पायजे."

"उतर खाली. जानराव बसन."

जानराव त्यांचा पुतण्या, तिथेच उभा होता. त्याने गाडीकडे पाहिलं, मागे सरकवलेल्या दांड्यांकडे पाहिलं. "मी नाही बसत, काका. यानं ब्रेक कुठं लावून ठेवला ते मले दिसून बी नाही राहिलं."

आता लोक उघड हसले. शालू गर्दीतून निघाली आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही कशाला मध्ये आलात, बाई?" केशवराव म्हणाले.

"आडवं लावलेलं कोनी उचलून नेऊ नये म्हनून."

शालिकराम भोंगा हातात धरून खुशालरावांकडे बघत होता. खुशालराव आपल्या गुलाबी हातांकडे बघत होते. ऊन होतं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "घे ना बावा नाव, भोंगा का भाड्याचा हाय?" आणि दुसऱ्या कोणी म्हटलं, "यायले डोक्यावर चढवलं का असंच होते." देवमनने त्या दुसऱ्या आवाजाकडे मान वळवली आणि तो गप्प होईपर्यंत बघत राहिला.

खुशालरावांनी हात हलवला. घे.

"चालवून राहिले, देवमन," शालिकराम म्हणाला.

"पुरं."

"देवमन डोमाजी."

"पुरं."

भोंग्यात नुसती खरखर. शालिकरामला आडनाव माहीत होतं. ते कोणत्या वस्तीतलं, हे दर्यापुरातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच ते घ्यायचं नव्हतं.

"तायडे," तो म्हणाला.

"आता एका दमात."

"देवमन डोमाजी तायडे."

पट्टीच्या पलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. देवमनने खिशातून प्लग काढला, बसवला, किक मारली. शालू बाजूला झाली. निशाण पडलं.

*

ड्रम टाच ड्रम टाच, डांबर, गुडघा, एरंडेलाचा जळका वास, सरळ पट्ट्यात दोघे पुढे गेले, वळणात एक मागे पडला, पुन्हा डांबर, आणि दर फेरीला भोंगा, आता न सांगता, तायडे, तायडे, पुकाऱ्याच्या तोंडात एकदा बसलेलं नाव त्याला काढता येईना.

*

संध्याकाळी खुशालरावांनी गाडी ट्रकमध्ये चढवली. "गोदामात आता येऊ नको," ते म्हणाले.

"नाही येत."

"हिले मंग कोन पाहीन?"

"ते तुमी पहा."

मूर्तिजापूरच्या पुढे एसटीत दोन माणसं मागच्या बाकावर बोलत होती.

"तायड्याची गाडी पाहिली का? रेषेवर आडवी लावून बसला लेकाचा."

"मोठी मस्ती चढली त्याले."

देवमन मागे वळला. "मीच तो," म्हणाला. "देवमन डोमाजी तायडे. मस्तीचं म्हनाल तं अजून हाय."

शालूने खिडकीची काच वर केली. त्या माणसांनी बडनेऱ्यापर्यंत पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

शर्यतीत देवमन चौथा आला होता.