चार बोटं वर

शेडबाळ्यांच्या बेल्जियम आरशात चौगुल्यांच्या नेमाण्णाची बायको हसत होती. लिलावाआधी माल बघायला खुला ठेवला होता, त्यामुळं ते हसणं अर्ध्या सांगलीनं फुकटात बघून घेतलं.

बायको म्हणजे कांचन. आता तिचे केस पिकलेत, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवते. आरशातली कांचन मात्र लग्नाआधीची. हातात कंगवा, वेणी अर्धी घातलेली. समोर जो उभा राहील त्याच्याकडं बघून हसायची. साधंसुधं हसू नव्हे हो. आधी ओठ दाबून धरायची, मग डोळ्यांतनं सुटायचं, आणि शेवटी सगळा चेहराच फितूर व्हायचा.

लोकांना काय, निमित्तच पाहिजे. तंबाखूवाला बघून गेला. निवृत्त हेडमास्तर एकदा बघून गेले आणि भांग पाडून परत आले. नवल कुणालाच वाटलं नाही. "पारा चांगला असला की माणूस टिकतं आत," हेडमास्तर म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

नेमाण्णाचं मारुती रोडला चष्म्याचं दुकान. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून नंबर काढले, पण बायकोची जुनी गोष्ट आपण पचवली असं समजण्यात त्याचाच नंबर चुकला होता. गोष्ट एवढीच, की कांचनचं शेडबाळ्यांच्या भरतेशशी जवळजवळ ठरलं होतं. भरतेशची बहीण तिची मैत्रीण, त्या घरात येणंजाणं होतं. मग बैठकीत काहीतरी फिसकटलं आणि कांचन चौगुल्यांच्या घरात आली. भरतेशनं लग्न केलं नाही. जुन्या वस्तू जमवत बसला, आणि गेल्या थंडीत वारला. पुतण्यांनी सगळा पसारा लिलावात काढला.

नेमाण्णा आरशासमोर उभा राहिला. कांचन त्याच्याकडंही हसली. पण तिची नजर त्याच्या डोळ्यांत नव्हती. त्याच्या डोक्यावरनं चार बोटं वर होती. भरतेश उंच होता. नेमाण्णानं टाचा उचलल्या, मान ताणली, तरी दोन बोटं राहिलीच. मागं रांगेत उभा असलेला एकजण म्हणाला, "अण्णा, उरका की."

घरी आला तेव्हा कांचन भेंडी चिरत होती.

"शेडबाळ्यांच्या आरशात तू काय करतीयस?" त्यानं विचारलं.

"केस विंचरत असेन." तिनं मान वर केली नाही. "त्यांच्या माडीवर उजेड चांगला यायचा."

"आणि हसतेस कुणाकडं?"

"आता काय सांगू? तेव्हा हसू यायचं."

"माझ्याकडं कधी हसलीस का तशी?"

कांचननं विळी बाजूला सारली. "तुम्ही बघितलंत का कधी वर? आल्या आल्या पेपरात डोकं. अहो, मेलेल्या माणसावर कसलं जळता? उद्या जाऊ नका त्या लिलावाला. उद्याही भरली भेंडी करीन, घरीच गरम गरम जेवा."

पण जळणाऱ्याला भेंडी दिसते थोडीच! तो आरसा दुसऱ्या कुणाच्या बैठकीत लागणार, आणि कांचन रोज तिथल्या पाव्हण्यारावळ्यांकडं बघून हसणार, ह्या विचारानं नेमाण्णाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं दुखणं दुसरंच होतं. ते हसू त्याला स्वतःसाठी हवं होतं. घरात टांगायचं, खाली पाट घ्यायचा, पाटावर उभं राहायचं, आणि एकदा तरी ते डोळ्यांत घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो लिलावघरात पहिल्या रांगेत जाऊन बसला.

लिलाव पुकारायला इनामदारबाई होत्या. अंगानं जाड, आवाजानं खणखणीत, आणि नाकावरचा चष्मा नेमाण्णाच्याच दुकानातला. त्यांच्यापुढं एक पितळी तागडी टांगलेली. त्यांनी नियम सांगितले, पण ते सगळ्यांना तोंडपाठच होते. इथं पैसे चालत नाहीत. आपापल्या घरातलं काहीतरी बोलायचं. ते तागडीत पडतं. देताना जीव जेवढा तुटतो, तेवढं त्याचं वजन. आणि बोललेलं परत मिळत नाही, तुम्ही जिंका नाहीतर हरा.

आधी किरकोळ माल गेला. एका म्हाताऱ्यानं आईच्या गोधडीचा वास बोलून गंजिफांचा डबा घेतला. पारडं खाडकन खाली गेलं. म्हातारा डोळे पुसत, डबा कवटाळून गेला. एका बाईनं नवऱ्याचं घोरणं बोलून समई मागितली. घोरणं गुंजभरही भरलं नाही, पण समोर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून समई तिला मिळाली. हॉलमध्ये हशा पिकला.

मग आरसा आला. चौघांनी धरून उभा केला. कांचन हसली, आणि सगळ्या हॉलनं खुर्चीत बसल्या बसल्या आपापली कॉलर नीट केली. नेमाण्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोला अण्णा, काय बोलताय?"

नेमाण्णाला पहिली आठवली ती दुकानातली भिंगांची पेटी. वडिलांच्या वेळची, मखमलीचं अस्तर असलेली. नुसती आठवली तरी जीव तुटला. तिचं वजन भरपूर भरलं असतं. पण पेटी कशी द्यायची? त्यानं ती मनातल्या मनात परत कपाटात ठेवली आणि म्हणाला, "दुपारचा चहा."

"कुठला?"

"घरचा. आल्याचा. दुकानातनं गेलो की मिळतो तो."

त्याच्या हातात कपबशी आली, वाफाळती. इनामदारबाईंनी ती पारड्यात ठेवली. पारडं जरासं हललं.

"हलका आहे ओ, अण्णा."

"रोजचाच आहे तो," नेमाण्णा ओशाळून म्हणाला.

पहिल्या रांगेच्या टोकाला एक खांब होता. त्याच्या मागनं कुणीतरी म्हणालं, "एक अडकित्ता." खांबामागचा माणूस दिसत नव्हता. कोपरापर्यंत दुमडलेली पांढरी बाही तेवढी दिसली आणि लांब बोटांचा हात. अडकित्ता मोराच्या आकाराचा होता. तो दुसऱ्या पारड्यात पडला तसं पारडं टेबलाला टेकलं, आणि बोली चढली म्हणून हॉलची मागची भिंत एक रांग पुढं आली. त्या रांगेतल्या लोकांनी खुर्च्या उचलल्या आणि पुढच्यांच्या मांडीला मांडी लावून बसले.

"अण्णा?"

"माझी बायको स्वयंपाकघरातनं मला 'अहो' म्हणून हाक मारते," नेमाण्णा म्हणाला. "ती घ्या."

हाक एका मिठाईच्या खोक्यात आली. इनामदारबाईंनी झाकण जरासं उचलून कान लावला, खात्री करून घेतली आणि खोकं ठेवलं. पारडं तरंगतच राहिलं.

"मला टायफॉईड झाला होता, तेव्हा ती रात्र रात्र कपाळावर पट्ट्या बदलायची," नेमाण्णा घाईघाईनं म्हणाला. "त्याही घ्या."

ओल्या पट्ट्यांची घडी चहाशेजारी पडली. आता कुठं पारडी बरोबरीला आली. पण खरं बघायला गेलं तर ते पट्ट्यांतल्या पाण्याचंच वजन होतं.

"एक कंगवा," खांबामागनं आवाज आला. "केस अडकलेत त्यात. असू देत तसेच."

पारडं पुन्हा आदळलं. भिंत पुढं आली. आता हॉलमध्ये दोनच रांगा उरल्या होत्या, आणि हेडमास्तरांचे गुडघे नेमाण्णाच्या पाठीत रुतत होते.

"जाऊ द्या की अण्णा," हेडमास्तर कानाशी पुटपुटले. "आरसा तो आरसा. घरी आहेत की वहिनी."

"तुम्ही गप बसा. दोनदा बघून गेलात, मला माहितीय."

नेमाण्णानं मग जिना चढतानाचा आपला खोकला दिला. तो ऐकून कांचन चहा टाकायची. रात्री झोपताना तिनं न सांगता उशाशी ठेवलेला तांब्या दिला. देताना त्याची नजर आरशावरनं हलत नव्हती, त्यामुळं आपण काय देतोय हे त्याला धड दिसतही नव्हतं. कांचन मान जराशी कलती करून हसत होती, चार बोटं वर.

खांबामागच्या हातानं सदऱ्याचे खिसे चाचपले. मग तो माणूस म्हणाला, "माझ्याकडं आता वाट बघणंच उरलंय. तेवढं बोलतो."

ते राखी रंगाचं, विटकं, लांबच लांब कापड होतं. इनामदारबाईंना ते दोन्ही हातांनी ओढून घ्यावं लागलं. पारड्यात पडलं तसा तागडीचा दांडा वाकला.

"एक वार," इनामदारबाई म्हणाल्या.

"थांबा! सगळं घ्या," नेमाण्णा उभा राहून ओरडला. "त्या घरात माझं म्हणून जे काय असेल ते सगळं घ्या!"

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. एकदाच काय ते तोडा."

त्याच्या सदऱ्याच्या खिशातनं घराची किल्ली आपोआप वर आली. ती देताना मात्र कुठंतरी बारीकसं दुखलं, किडक्या दातावर थंड पाणी लागावं तसं. पारडं हललं, थोडं खाली आलं. बरोबरीला काही आलं नाही.

इनामदारबाईंनी खांबाकडं बघितलं. लांब बोटांचा हात वर झाला आणि नाही म्हणून हलला. "आरसा त्यांना द्या," आवाज म्हणाला. "मी सोडला."

एक वार, दोन वार, तीन वार झालं. नेमाण्णाच्या छातीत ढोल वाजले. मेलेल्याचं का असेना, पण त्यानं हिसकावून घेतलं होतं.

इनामदारबाईंनी नेमाण्णाचं पारडं रिकामं केलं. टेबलावर चहा, खोकं, पट्ट्या, खोकला, तांब्या, किल्ली असा ढीग झाला. "हा किरकोळ ढीग एकत्रच जाईल," त्या म्हणाल्या. "कोण बोलतंय?"

"मी," खांबामागचा माणूस म्हणाला. "पण माझ्याकडं काही राहिलं नाही आता."

"समोर दुसरं कुणी नसेल तर रिकाम्या हातानंही मिळतं. अण्णा, तुम्ही बोलणार का? बघा बरं का. वस्तू बऱ्या आहेत."

नेमाण्णा आरशाच्या चौकटीवरची धूळ पुसत होता. "मला काय करायचाय तो पसारा?" तो म्हणाला.

एक वार. दोन वार. तीन वार. भिंत इतकी पुढं आली होती, की लोक एकेक करून खिडकीतनंच रस्त्यावर उतरले. आरसा गुंडाळायला कागद नव्हता, म्हणून इनामदारबाईंनी ते राखी कापडच त्याच्याभोवती गुंडाळलं. "राहू दे तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "त्या गृहस्थांना आता लागायचं नाही."

हमालाला नेमाण्णानं आरशाला हात लावू दिला नाही. एकट्यानं पाठीवर घेतला आणि रस्ताभर धापा टाकत घरी आणला. जिना चढताना सवयीनं खोकायला गेला, खोकला आला नाही. खिशात हात घातला, किल्ली नव्हती. त्यानं दार वाजवलं.

कांचननं दार उघडलं. पदराला हात पुसत ती त्याच्याकडं बघत राहिली.

"कोण पाहिजे आपल्याला?"

नेमाण्णाला आपलं नाव सांगायचं होतं. ते ह्या घरात होतं, आणि घरातलं सगळं दिलं होतं. "आरसा आणलाय," तो म्हणाला.

"आमच्याकडं? ह्यांनी मागवला असेल. अगं बाई, केवढा हा! आणि एकट्यानं उचलून आणलात?" त्याची टोपी एका कानावर आली होती, विटक्या कापडाचा शेव गळ्यात अडकला होता. ते ध्यान बघून कांचननं ओठ दाबून धरले. मग तिच्या डोळ्यांतनं सुटलं. मग सगळा चेहराच फितूर झाला. पिकलेले केस, दुखरे गुडघे, आणि तेच हसू. सरळ नेमाण्णाच्या डोळ्यांत. एक बोटही वर नाही.

उभ्या जन्मात जे मिळालं नव्हतं ते दारातच मिळालं. नेमाण्णाला रडू फुटायचं बाकी होतं.

"बसा की," कांचन म्हणाली. "आमचे हे येतीलच इतक्यात. त्यांच्या चहाची वेळ झालीय."

"हे कोण?" नेमाण्णानं विचारलं.

"कोण म्हणजे? आमचे हे." बोलताना तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि नकळत कपाळावरची बट मागं सारली. ते बट सारणं बघून नेमाण्णाच्या काळजात असा काही काटा रुतला, की भरतेश शेडबाळे त्यापुढं काहीच नव्हता. कोण हा माणूस? काय एवढं सोनं लागलंय त्याला, की बाईनं घड्याळ बघावं?

आतनं भरल्या भेंडीचा वास येत होता. त्यानं आरसा भिंतीला टेकवून उभा केला, कापड सोडवलं आणि आल्यागेल्याला देतात त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसला. कापड कुठं ठेवावं कळेना, म्हणून मांडीवर घेतलं. ते चांगलंच जड होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. कुणीतरी खोकलं. तो खोकला नेमाण्णानं आयुष्यभर खोकला होता.

"अहो, आलात का?" कांचननं स्वयंपाकघरातनं हाक दिली, आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

कुलपात किल्ली फिरली. आरशातल्या कांचननं कंगवा खाली ठेवला, आणि नेमाण्णाच्या डोक्यावरनं, चार बोटं वरनं, दाराकडं बघत ओठ दाबून धरले.