मास्तरच्या मायचा आराम

माझ्या सासूला, गंगूबाईला, स्तनाच्या कॅन्सरमधून डॉक्टरांनी उठवलं आणि तिच्या लेकानं पुन्हा खाटेवर निजवलं. हा लेक म्हणजे माझा नवरा प्रसेनजित, आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या शाळेतला मास्तर. ऑपरेशनला दोन वर्षं झाली तरी घरात नियम एकच, मायनं तांब्यासुद्धा उचलायचा नाही. सकाळी बदाम, दुपारी शिरा, आणि दिवसभर "माय, तू बसून राय."

बसून बसून वजन बारा किलो वाढलं. जून महिन्यात वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढं ठेवला. कॅन्सर परतला नव्हता, पण साखर वाढली होती, चरबी वाढली होती, अंगातली सूज सांगणारा सीआरपी नावाचा आकडाही वाढला होता. "रोज चाला, हात हलवा, झेपेल ते काम करा. तीन महिन्यांनी परत तपासू," त्या म्हणाल्या.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, एकच विचारायचं होतं. "मंग मले टोळीत जाता येईन?" गोजराबाईची निंदणाची टोळी म्हणजे त्यांचं जग. तीस वर्षं त्या बायांसोबत त्यांनी तण उपटलं, भांडणं केली, भाकर खाल्ली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू जा की. मास्तर म्हणाले, "रिपोर्ट सुधरल्याबिगर नाही."

मग चालणं सुरू झालं. आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं रस्त्यावर चालताना दिसली, की ती एक तर सुनेशी भांडली किंवा तिची गाडी चुकली. त्यात ही कॅन्सरची बाई! पहिल्या दिवशी गावातल्या हेमसिंगनं मोटारसायकल थांबवली, "बस काकू." नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. दुसऱ्या दिवशी राजपाल. आठवड्यात आत्याबाई तीनदा जऊळका स्टेशन पाहून आल्या, पण पायी शंभर पावलांपुढं गेल्या नाहीत. आम्हा सासू-सुनेच्या भांडणाची बातमी मात्र पार केनवड गावापर्यंत चालत गेली.

तेवढ्यात आम्हा बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास लागला. विहारात दुपारी बायांसाठी ग्रंथवाचन असतं. आत्याबाई रोज ते ऐकायला जातील, असं मी मास्तरांना सांगितलं. पंचशीलात रोज 'खोटं बोलणार नाही' म्हणणारी मी, पण या खोट्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आत्याबाई विहाराच्या मागून निघायच्या, त्या थेट जगदेवच्या वावरात, सोयाबीन निंदणाऱ्या टोळीत. पहिल्या दिवशी अर्ध्या ओळीतच दम लागला, तेव्हा गोजराबाईनं ओरडून बांधावर बसवलं. ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तो महिनाभरात डोक्यावरचा पदर सावरायला लागला. चिखलाचे पाय घेऊन त्या घरी यायच्या आणि मास्तर कौतुकानं म्हणायचे, "वाचनानं चेहरा कसा शांत झाला पाय!"

सप्टेंबरात रिपोर्ट आला. साखर उतरली, चरबी उतरली, सूजही उतरली. जूनच्या तपासणीत अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून सात वेळा उठलेल्या आत्याबाई आता चौदा वेळा उठल्या.

"काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांची छाती फुगली. "पूरा आराम, मॅडम. कामाले हात लावू देला नाही. दुपारी वाचन आयकाचं, बस."

"नवलच आहे. मग हे माझ्याकडच्या बाकीच्या बायांनाही सांगावं लागेल," म्हणत त्यांनी पेन उचललं.

आत्याबाई ताडकन उठल्या. "नका सांगू बाई! त्या बिचाऱ्या खाटेवर मरतीन. म्या एक पान आयकलं नाही. दोन महिने निंदून राह्यली मी."

मास्तरांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग रिपोर्टकडं. "मंग मॅडम, हा रिपोर्ट चुकला असन," ते म्हणाले. "परत तपासा." डॉक्टरीणबाई हसल्या. मास्तर हसले नाहीत.

बसस्टँडवर मास्तरांच्या तोंडून निघालंच. "मास्तरची माय दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून राह्यली. लोकं काय म्हणतीन?"

दोन वर्षं हा माणूस आईला जपतो आहे असं मी समजत होते. तो आपली मास्तरकी जपत होता. मला संताप आला, आणि त्याचा पडलेला चेहरा पाहून कीवही आली.

"लोकं म्हणतीन, गंगू जिती हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि बस लागताच आमच्या आधी चढून खिडकीपाशी बसल्या.