सुनावणीतल्या माईकची कैफियत

मित्रांनो, मी बरकतपुऱ्यातल्या समाजभवनातला एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. पण माझ्या रूपावर जाऊ नका, कान अजून तिखट आहेत.

एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि दिलसुखनगरच्या दुकानातून मी इथे आलो. माझ्यातून मंगलाष्टके घुमली, भीमजयंतीची गाणी घुमली, हरवलेल्या चपलांच्या घोषणाही झाल्या. तेव्हा मला मखमली कापडात गुंडाळून ठेवत. मग बिनतारी माईक आला आणि मी सतरंज्यांच्या कपाटात जाऊन पडलो. सरकारी सभांना मात्र मलाच बाहेर काढतात. नवा खराब होईल, म्हणून.

या सभांनी मला संशयी केले. "तुमचंच मत महत्त्वाचं" असे म्हणणारा माणूस तेव्हा घड्याळाकडे बघत असतो, हे मी फार जवळून पाहिले आहे.

गेल्या महिन्यात इथे जनसुनावणी झाली. शहरात कोणत्या जागेवर घर, कोणत्या जागेवर दुकान, हे ठरवणारे जमीन वापराचे नियम बदलायचे होते. नव्या मसुद्यात एक कलम होते: निवासी गल्लीतल्या घरात स्वयंपाक करून बाहेरच्यांना जेवण विकता येणार नाही.

मागच्या रांगेत विमलाबाई बसल्या होत्या. त्या मूळच्या नांदेडकडच्या. नवरा गेल्यापासून विद्यानगरला राहत्या घरात विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात. कलम मंजूर झाले की खानावळ बंद. ते कलम वरच्या मजल्यावरच्या सुधीररावांनीच घुसडायला लावले, असा त्यांचा पक्का संशय होता. सुधीरराव पुण्याचे, आयटीतले. गल्लीतल्या पार्किंगबद्दल तक्रार मांडून त्यांनी मला विमलाबाईंच्या हातात दिले.

"वास येतो म्हणून तक्रार तुम्हीच केली ना?" विमलाबाईंनी विचारले.

"मी गाड्यांची केली हो, तुमच्या वरणाची नाही! सकाळी फोडणीचा वास आला की मला ऑफिसला जावंसं वाटत नाही."

"गोड बोलू नका."

मी चालूच होतो. सगळे सभागृह हसले.

विमलाबाई सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे वळल्या. "साब, मेरा घर इसी चूल्हे पे चलता. ये कलम मेरेकू मंजूर नै."

"हौ अम्मा, लिख लिये. बैठो."

इथे माणसे बसतात आणि मी पुढच्याच्या हातात जातो. विमलाबाईंनी मला सोडले नाही.

"क्या लिखे? पढ के सुनाओ."

"सब रिकॉर्ड होरा, अम्मा."

"होरा तो सुनाने कू क्या तकलीफ है?"

लॅपटॉपवर टिपणे घेणाऱ्या कारकुनाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी पंख्याकडे पाहिले. शेवटी कारकुनाने वाचले; टिपणे इथल्या सरकारी भाषेत, म्हणजे तेलुगूत होती. खानावळीत पोरांना वाढता वाढता विमलाबाईंना तेलुगू चांगले येऊ लागले होते. वाक्य असे होते: महिलेने मसुद्याबद्दल समाधान व्यक्त केले.

"समाधान? माझं?" मराठीच निघाले तोंडातून.

"ऊपर का लाइन नीचे आ गया, सर," कारकून पुटपुटला.

वरची ओळ सुधीररावांची होती. ते ताडकन उठले. "मला तेलुगू येत नाही. माझं काय लिहिलंय?"

कारकुनाने वाचले. विमलाबाईंनी त्यांना सांगितले, "तुम्हीपण समाधानी आहात. पार्किंगबद्दल."

त्यानंतर सभागृहात कोणी बसले नाही. मेरा भी पढो, आमचंही वाचा! माझ्यातून सकाळभर तक्रारीच गेल्या होत्या. पलीकडे समाधान कसे पोचले? चूक की सवय, ते मला ठरवता आले नाही.

साहेबांना सगळ्यांचे म्हणणे पुन्हा लिहून घ्यावे लागले. विमलाबाईंनी "विरोध" हा शब्द दोनदा वाचून घेतला. मग मला सुधीररावांपुढे धरले. "बोला आता. काय लिहितात ते मी ऐकते."

कलमाचा निर्णय अजून व्हायचा आहे. खानावळ सध्या चालू आहे. मी निश्चिंत नाही.

म्हणून मित्रांनो, विनंती आहे. माझी तार तुडवू नका, वापरून झाल्यावर मला पुसून ठेवा. आणि माझ्यावर बोललात की लगेच घरी जाऊ नका. मी आवाज मोठा करतो, एवढेच. तो कागदावर काय होऊन उतरला, ते ऐकायला तुम्हालाच थांबावे लागते.